दोन झाडं आणि माझा निष्कर्ष

आमच्या शाळेत प्रयोगवहीतला निष्कर्ष आधी लिहिला जातो आणि प्रयोग नंतर होतो. झालाच तर. यात पोरांचा दोष नाही. वीस वर्षं निष्कर्ष फळ्यावर मीच उतरवून देत आलो. बाकीचा मजकूर मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीतून येतो. एकदा एका पोरीच्या वहीत बहिणीच्या वर्गाची तारीखसुद्धा जशीच्या तशी उतरली होती, आणि खाली सही माझीच.

मग मला चंद्रपूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं सांगितलं की विज्ञान म्हणजे उत्तर पाठ करणं नव्हे, म्हणणं मांडणं. आधी दावा, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून दाव्यापर्यंत आपण कसे पोचलो ते कारण. परतताना गडचिरोलीच्या बसमध्ये मी भारावून बसलो होतो. घरी जेवण झाल्यावर बायकोला म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, "पुरावा काय? ताट तर चाटूनपुसून ठेवलं तुमी."

वर्गात त्याहून वाईट झालं. आठवीच्या फळ्यावर ते तीन शब्द लिहिले आणि पंधरा दिवस घसा कोरडा केला. पुरावा काय म्हटलं की उत्तर यायचं, पुस्तकात हाय. पुस्तक बंद करायला लावलं, तर तुमीच सांगतलं होतं, सर. एकानं लिहून आणलं: दावा, पृथ्वी गोल आहे. पुरावा, पान क्रमांक बावीस. मी डोक्याला हात लावला. पोरं हसली नाहीत. त्यांना वाटलं, पान चुकलं.

शेवटी म्हटलं, पुस्तकातलं नको, घरचं काही सांगा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीलाच ऐकलेला. म्हणाली, "मोहाखालचा पाला जाळला का मोह जास्त पडते. आजी सांगते."

मार्च लागत होता. आमच्याकडे मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. काळ्या जमिनीवर पिवळट फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं जातं. पण ती आग कधी कधी जंगलात शिरते, म्हणून जाळू नका, असं दरवर्षी सांगितलं जातं आणि दरवर्षी जाळलं जातं. मला लगेच तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन दिसायला लागलं. दरवर्षी आमची शाळा तिथं कुणाच्या तरी काकानं बनवलेला पुठ्ठ्याचा कारखाना घेऊन जायची. मास्तरकीत एकदा तरी माझं एखादं लेकरू स्वतःचं म्हणणं घेऊन तिथं उभं राहावं, एवढीच माझी हौस होती.

तिच्या घरच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेला मोहाची दोन झाडं होती. एका झाडाखाली जाळायचं, दुसऱ्याखाली नुसतं खराट्यानं झाडायचं, आणि सात दिवस टोपल्या मोजायच्या. कोणतं जाळायचं ते मीच ठरवलं. मोठ्या झाडाखाली पाला भरपूर होता, म्हणून मोठं.

आठव्या दिवशी तिनं वही आणली. मी थेट शेवटच्या ओळीवर गेलो, सवयीप्रमाणं. तिथं लिहिलं होतं, 'सांगता येत नाही.' मी लाल पेनानं त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'निष्कर्ष हवा.' ती काहीतरी बोलायला लागली, झाडाबद्दल. मी म्हटलं, प्रदर्शनात संदेश लागतो, जाळल्यानं फायदा होत नाही असं स्वच्छ लिही. दुसऱ्या दिवशी तिनं नवीन वहीत स्वच्छ लिहून आणलं. मी ती वही वर्गात फिरवली. हा घ्या दावा, हा पुरावा. त्या आठवड्यात मी घरात शीळ घालत होतो.

प्रदर्शन दिवाळीनंतर होतं; तोवर ती नववीत गेली होती. आदल्या दिवशी मी दोन्ही वह्या घरी आणल्या, तक्ता करायला. बायको भाजी निवडता निवडता एक वही चाळत होती. म्हणाली, "अवो, हे वरती जळलेल्या झाडाखाली दोन-दोन टोपल्या हायत, अन झाडलेल्याखाली सव्वा. अन खाली लिवलं, जाळून फायदा नाई. असं कसं?"

मी वही ओढून घेतली. आकडे पोरीनं बदललेच नव्हते. माझ्या हुकमानुसार फक्त निष्कर्ष बदलला होता, आणि मी आकडे न बघता तो वर्गभर मिरवला होता. मग जुनी वही उघडली. माझ्या लाल रेघेखाली तिचं कारण अजून वाचता येत होतं: 'जाळलेले झाड मोठे आहे. दोन झाडे सारखी नाहीत. म्हणून जाळल्यामुळे जास्त पडले की झाडामुळे, हे सांगता येत नाही.'

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात जे शिकवलं, ते या पोरीनं मला करून दाखवलं होतं, आणि मी ते खोडलं होतं.

सकाळी तिला म्हटलं, चूक माझी झाली, जुनंच लिहून जाऊ. ती म्हणाली, "मंग तवा काऊन कापलं, सर?" मी जुनी वही तिच्या हातात दिली. याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

तालुक्याला परीक्षक आले, तक्ता वाचला, निष्कर्ष कुठं आहे म्हणाले. तिनं बोट ठेवलं. "हाच हाय, सर. झाडं सारखी नाईत, म्हणून सांगता येत नाई." परीक्षक समजुतीनं हसले. मग प्रयोग फसला म्हणायचा, असं म्हणून पुढच्या टेबलाकडे वळले. मी मध्ये पडून दावा-पुरावा समजावायला लागलो, तर ते म्हणाले, सर, मुलीला बोलू द्या. पहिला नंबर थर्माकोलच्या पवनचक्कीला गेला. ती टेबलफॅनच्या वाऱ्यावर फिरत होती.

परतीच्या बसमध्ये मी सगळ्या व्यवस्थेला शिव्या देत होतो, मनातल्या मनात, कारण त्या व्यवस्थेत माझं लाल पेनही होतं. अर्धा रस्ता सरल्यावर ती म्हणाली, "औंदा लहान झाडाखाली जाळीन. अन मोठ्याखाली झाडीन. पाण्याची बादली ठेवीन बाजूले." मी म्हटलं, वर्गात दाखवशील ना? तिनं वही दप्तरात घातली.

मार्चमध्ये मी चार दिवस कळ काढली. पाचव्या सकाळी गाडी काढून तिच्या बांधीवर गेलो. ती आणि आजी वाकून फुलं वेचत होत्या. लहान झाडाखाली जमीन काळी, मोठ्याखाली खराट्याचे फराटे. दोन टोपल्यांवर दोन फडकी झाकलेली. मी विचारलं, काय निघतंय?

"अजून तीन दिवस हायत, सर."

अंदाज तरी सांग, म्हटलं. तिनं मान हलवली आणि फडकं नीट खोचलं.

आजी कमरेवर हात देऊन उभी राहिली. म्हणाली, "जा तुमी, सर. मलेबी नाई सांगत ते."