अर्ध्या खाचरापुरता पेंढा

चाळीत कुणाकडे गावाहून आंब्याची पेटी आली की आंबे बाहेर काढायच्या आधी तो दारात हजर. "पेंढा टाकू नुका, वैनी. जमिनीचा हाय तो." आंबा खाणार का विचारलं तर नको म्हणायचा. आता तुम्हीच सांगा, अशा शेजाऱ्याचं काय करायचं?

परळच्या आमच्या चाळीत तो भिंतीला भिंत लागून राहायचा, एकटाच. नोकरी गिरणीत, पण जीव रत्नागिरीकडच्या भातखाचरात. गावी त्याचा थोरला भाऊ दर उन्हाळ्यात पेंढा, पालापाचोळा, शेण शेतात पसरून जाळायचा. पेरणीआधी जमीन भाजायची तिथली रीतच. याचं म्हणणं, जमिनीतून आलेलं जमिनीतच कुजवावं, राख कसली देता? दोघांचं त्यावरून वाजलं. शेवटी भावाने एक खाचर एका वर्षापुरतं याच्या हवाली केलं. भात बरं आलं नाही तर तिथेही काडी लावायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं ठरलं.

गावचा पेंढा भावाच्या ताब्यात, म्हणून हा मुंबईत पेट्यांतला गोळा करायचा. चार पोती, सामाईक गॅलरीत, नेमकी माझ्या वाळवणाच्या जागेवर. नुसती ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण हा त्यात तबेल्यातलं शेण कालवायचा, वर तांदळाचं धुवण शिंपडायचा. वासाने माझ्याकडे पाहुणे यायचे बंद झाले. बोलायला गेलं की म्हणायचा, "मुरतंय, वैनी. दम धरा." जसं काही लोणचंच घातलंय.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. अख्खी चाळ मोर्चात. हाही जायचा, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा, आणि येताना फळवाल्याकडचा पेंढा बगलेत मारून आणायचा. आमचे यजमान एकदा वैतागून म्हणाले, अरे, आधी महाराष्ट्र तर मिळू दे. तर म्हणतो, "मिळल वो. पन त्यातली माती मेलेली नको."

एका दुपारी बातमी आली की पोलीस चाळी तपासतायत, जाळपोळीचं सामान शोधतायत. आदल्या दिवशी नाक्यावर टायर पेटले होते. यजमान मोर्चाला गेलेले, हा पहिल्या पाळीला, आणि माझ्या दारात चार पोती पेंढा. शेणात भिजलेला पेंढा पेटत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचून घ्यायचं नव्हतं. मी चारही पोती फरफटत नेऊन खाली कचरापेटीत रिकामी केली. पोलीस काही आले नाहीत.

पाळी सुटून हा आला तोवर म्युनिसिपालटीच्या गाडीने निम्मं उचललं होतं. मला वाटलं भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. हा सरळ कचरापेटीत उतरला आणि हातांनी पेंढा वेचू लागला. काचेने बोट कापलं तरी थांबेना. मला इतका संताप आला की पदर खोचून मीही खाली गेले आणि त्याला बोल लावत लावत वेचू लागले. कशीबशी दोन पोती भरली. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने ती घेऊन तो गावी गेला.

गेला तो गेलाच. गिरणी सोडली. दिवाळीच्या सुमारास कार्ड आलं. पेंढा अर्ध्या खाचरालाच पुरला होता, उरलेलं अर्धं भावाने रीतीप्रमाणे भाजलं होतं. मधे पंधरा दिवस पावसाने उघडीप दिली, तेव्हा उरलेल्या अर्ध्याला भेगा पडल्या, पेंढ्याच्या अर्ध्यात ओल टिकली. बियाणं एकच, नांगर एकच. भाऊ मधोमध उभा राहून बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला, आणि यापुढे भाजायचं नाही म्हणाला. शेवटी लिहिलं होतं, "सगळ्या खाचरात पेंढा असता तर दादाला पटलं नसतं. वैनी, तुमचे उपकार झाले."

कार्ड हातात धरून मी रडले. माफी मागायची होती ती मला, आणि हा बाबा आभार मानून मोकळा झाला.