साडेपाच तासांचं भांडण

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स असे दोन भाडेकरू राहतात. आतलं घड्याळ मात्र एकच. विंडोज त्यात इथली वेळ ठेवतो. लिनक्स ग्रीनिचची ठेवतो आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतो. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज उघडला की घड्याळ साडेपाच तास मागे. एक सेटिंग बदललं की भांडण मिटतं, पण मी पक्का आळशी. रोज हाताने वेळ लावायचो.

आईची पाली भाषेची ऑनलाइन परीक्षा होती. मराठवाड्यात सातवीतच तिची शाळा सुटली, लग्न झालं. बासष्टाव्या वर्षी भाईंदरच्या विहारात ती पाली शिकायला बसली. पेपर अकराचा, तासाभराचा. मी लिनक्सवरचं काम आटपलं, तिला विंडोज उघडून दिला आणि उत्तनला मासे आणायला गेलो. वेळ लावायला विसरलो.

परतताना, पावणेअकराला तिचा फोन आला.

"अरे, परीक्षा पुढं ढकलली वाटतं. पावणेसहा तास बाकी दाखवतंय. मी जरा पडते."

"पडू नकोस!" मी असा ओरडलो की रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. "क्या हुआ भाई?" त्याला काय सांगणार, कपाळ!

कोपऱ्यातल्या घड्याळावर राइट क्लिक कर, वेळ बदल, असं एकेक करून सांगितलं. "बरोबर वेळ लाव," म्हणालो. तिने हॉलमधल्या घड्याळात बघून लावली. आमच्या घरात बरोबर वेळ म्हणजे दहा मिनिटं पुढची, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पेपर उघडला तो परीक्षावाल्यांच्या घड्याळाने, मिटला मात्र आमच्या घड्याळाने, दहा मिनिटं आधीच. शेवटचं उत्तर अर्धं राहिलं. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मासे तसेच पिशवीत राहिले.

"तोंड पाडू नको," आई म्हणाली. "साडेपाच तास तुझे, दहा मिनिटं माझी. दोघंबी सारखेच येडे."

त्याच दुपारी मी ते सेटिंग बदललं. लिनक्सने बिचाऱ्याने मुकाट ऐकलं.

निकाल लागला तेव्हा उत्तीर्णांची यादी तिने मला वाचू दिली नाही. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव वाचत ती खाली आली आणि स्वतःच्या नावावर थांबली. मला रडू आलं. तिने मात्र बराच वेळ ते बोट उचललंच नाही.