लेडीजला सुट्टी

शनिवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. "उद्या आपल्या टीमची रोडगे पार्टी, माझ्या शेतावर. लेडीजला पूर्ण सुट्टी! सगळं जेन्ट्स करतील. लेडीजनी फक्त कणीक भिजवून आणि मसाला वाटून आणावा." खाली अंगठे आणि टाळ्या. मी फोन गादीवर आपटला. फरशीवर आपटण्याइतकी अजून हिंमत नव्हती.

वर्ध्यात हिवाळा लागला की प्रत्येक ऑफिसला रोडग्यांचे डोहाळे लागतात. कणकेचे पदर घालून केलेले जाड गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे पेटवलेल्या ढिगात भाजायचे, गरम राखेत मुरू द्यायचे, मग झटकून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत खायचे. चव अप्रतिम असते, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते जगऱ्याभोवती कमरेवर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या आणि "आज स्वयंपाक आम्ही केला" असं पुढचं वर्षभर सांगणाऱ्या माणसांशी.

त्याच रविवारी दुपारी मुलीची खो-खोची फायनल होती. सातवीतली पोर, पहिल्यांदाच खेळणाऱ्या नऊ जणींत आली होती. आधीच्या दोन्ही सामन्यांना मी पोचले नव्हते. एकदा ऑडिट आडवं आलं, एकदा साहेबांच्या घरचं लग्न. यावेळी तिने हट्ट केला नाही, रडली नाही. बुटाची लेस बांधत एवढंच म्हणाली, "आई, फायनलले येजो. खेळ सुरू व्हायच्या आधी येजो. मंग आली तर मले दिसत नाई." तिचं ते न रडणं मला जास्त लागलं.

धाकट्याची त्याच दिवशी गॅदरिंगच्या नाचाची रंगीत तालीम होती. त्याला धोतर हवं होतं, फेटा हवा होता, चिकटवायची मिशी हवी होती. नवरा तळेगावला नोकरीला, रविवारी घरी येतो. त्या रविवारी नेमकी त्याची ड्युटी निघाली. मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू हायेसच ना तिकडे." आमचं अख्खं घर या एका वाक्यावर चाललेलं आहे आणि मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो.

सकाळी वीसेक माणसांची कणीक मळली. मसाला वाटला. मिशी चिकटवली, ती पडली, पुन्हा चिकटवली. मुलगी सरावासाठी मैत्रिणींसोबत ऑटोने मैदानावर गेली. मुलाला मागे बसवलं, कणकेने भरलेला गंज स्कूटीवर पायांत धरला, त्याला शाळेत सोडलं आणि शेताकडे निघाले. तालमीनंतर त्याला घरी आणायचं शेजारच्या काकूंनी कबूल केलं, म्हणून निभावलं.

शेतावर जेन्ट्स पत्ते खेळत होते. जगरा पेटलेला होता, तेवढं मात्र खरं. आम्ही तिघी बायका झाडाखाली वांगी चिरायला बसलो, कारण ती चिरायची राहिलीच होती. माझ्या शेजारी बसलेल्या ताई ऑफिसात सगळ्यांत जुन्या. त्या हळूच म्हणाल्या, "दरवर्षी सुट्टी देतेत अन् दरवर्षी माही कंबर धरते." आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग जेन्ट्सना हुरूप आला. गोवऱ्या अजून धडधडून जळत होत्या, निखारे पडायचे होते, राख व्हायची होती. ताई ओरडल्या, "थांबा, जाळ खाली बसू द्या!" पण ऐकतं कोण? आम्ही वळलेले अर्धे रोडगे त्यांनी भर जाळात टाकून दिले. काळे कोळसे बाहेर आले, आतली कणीक ओलीच्या ओली. साहेबांनी एक फोडून पाहिला आणि हसत माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुम्हीच पाहा बा. हे बायकायचंच काम हाये."

माझं डोकं फिरलं. तरी दुसरी कणीक भिजवली, रोडगे वळले, जाळ बसल्यावर निखाऱ्यांवर लावले, उलटवले, राखेत पुरले. हे सगळं करताना घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते. मग हात धुतले आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, मुलीची फायनल आहे. जाऊ का?"

"काऊन घाई करून राह्यल्या मॅडम? जेवून जा. पोरीचा खेळ काय, पुढच्या सालीही होते."

"नाही सर, जाते," म्हटलं आणि निघाले. रस्ताभर माझा मलाच संताप येत होता, की मी "जाऊ का" असं विचारलंच का.

मैदानावर पोचले तेव्हा पाट्या आखून तयार होत्या, दोन्ही संघ मैदानाच्या कडेला उभे होते. आमच्या संघात मुलगी दिसेना. लागलं असेल, पडली असेल. शोधत शोधत मांडवामागे गेले, तर ती तिथे. खेळाच्या कपड्यांत, पाठीवर नंबर, हातात पोह्यांच्या बश्यांनी भरलेलं ताट. बक्षीस समारंभाचे पाहुणे लवकर आले होते.

"आई, मी सरले म्हटलं, मले खेळायचं हाये. सर म्हणे, पाहुण्यायले देऊन ये, तोवर राखीवमधली पोरगी बसवतो."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं, मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या तिच्या खेळाच्या सरांकडे गेले आणि त्यांच्या हातात ते ठेवलं.

"हे धरा. पाहुणे तुमचे आहेत, पोहे तुम्ही वाढा. माझी मुलगी खेळायला आली आहे."

"अहो मॅडम, सगळे पाहून राह्यले..."

"पाहू द्या! मुलांच्या संघातल्या कोणाला दिलं होतं का हे ताट?"

ताट त्यांच्या हातात तसंच. मुलगी धावत जाऊन आपल्या पाटीत बसली, आणि बसल्या बसल्या मान वळवून तिने मला शोधलं. खेळ सुरू व्हायच्या आधी.

डाव चालू असताना ताईंचा फोन आला. "साहेब विचारून राह्यले, रोडगे काढाचे का राखेतून?"

"फोडून बघा म्हणावं त्यांना," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

आमचा संघ हरला. मुलीने दोघींना बाद केलं, पण ते पुरलं नाही. परत येताना ती स्कूटीवर मागे बसली होती, गुडघे मातीने माखलेले. पाठीला टेकून म्हणाली, "आई, पार्टीतून पण तू अशीच आली का? त्यायच्या हातात ताट देऊन?"

माझ्या बांगडीला कणीक वाळून चिकटली होती. सगळ्यांचं सगळं उरकून, हात धुवून, परवानगी मागून मी आले होते. मुलीसाठी मला जे एका क्षणात जमलं, ते स्वतःसाठी सबंध दिवसात जमलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. ती खूश होऊन मला आणखी घट्ट बिलगली.

या हिवाळ्यात साहेबांचा मेसेज पुन्हा आलाय. लेडीजला सुट्टी, फक्त कणीक भिजवून आणा. फोन मुलीच्या हातात होता, तिने मोठ्याने वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत प्रश्नसुद्धा नव्हता. आई काय उत्तर देणार, हे तिने धरूनच चाललं होतं.

मी तिच्या हातातून फोन घेतला. लिहिलं, "मी जेवायला येईन. कणीक तुम्ही भिजवा."