नवमीला धुतलेली टाकी

"मॅडम, वास गेटपर्यंत येतोय. आजच या," वैशालीताईंचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठात तासाला निघाले होते. ओझरच्या पुढे त्यांचा टोमॅटो केचपचा छोटा कारखाना आहे. सीझन ऐन भरात होता. कारखान्याचं सांडपाणी साफ होईनासं झालं होतं. असलं पाणी नाल्यात सोडता येत नव्हतं आणि साठवायला जागा उरली नव्हती. म्हणजे कारखाना बंद, आणि क्रेट भरून गेटवर उभ्या असलेल्या गाड्या परत.

माझा विषय पाण्यातले, मातीतले जिवाणू. एकेकटे नव्हे, त्यांची अख्खी वस्ती. कारखान्याचं सांडपाणी ईटीपी नावाच्या प्लँटमध्ये साफ होतं. तिथल्या टाकीत ब्लोअरने हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि पाण्यातली घाण खातात. एकाचं उष्टं दुसऱ्याला चालतं. या वस्तीचा तपकिरी गाळ म्हणजे स्लज. दिसायला ओंगळ, पण सगळं काम तोच करतो.

मी टाकीत डोकावले. भिंती लख्ख होत्या. सॅम्पल मायक्रोस्कोपखाली ठेवलं. एरवी तिथे बाजार भरलेला असतो, आज चिटपाखरू नव्हतं.

"पोपटराव, स्लज कुठे गेला?" मी प्लँटच्या ऑपरेटरला विचारलं.

"म्याडम, खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुतो ना आपण. टाकी लय घाण दिसत व्हती. गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकून घासली. मग पूजा केली."

ते इतक्या कौतुकाने सांगत होते की मला रागावता येईना. मी तशी तापट आहे, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

"जिवाणू विकत मिळतात ना?" वैशालीताईंनी विचारलं.

"मिळतात, पण वस्ती बसायला फार वेळ जाईल. टोमॅटोच्याच पाण्यावर वाढलेला गाळ हवा."

तसा गाळ जवळपास एकाच ठिकाणी होता, त्यांचे चुलतदीर भाऊसाहेब यांच्या कारखान्यात. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद.

"ते देणार नाहीत आणि मी मागणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग मी मागते."

भाऊसाहेबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले. "गेल्या साली नवमीला आमच्याबी लोकांनी हेच केलं. मी गुपचूप लांबून गाळ आणला. म्हटलं, वहिनींना कळलं तर हसतील."

संध्याकाळच्या आत त्यांचा टँकर वैशालीताईंच्या गेटात आला. त्यांनी टँकर आत घेतला. मग फोन लावला. "भावजी, गाळ पोचला." इतक्या वर्षांनी त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते या वाक्याने.

गाळ टाकीत ओतला आणि आम्ही त्यात सांडपाणी थोडं थोडं सोडत गेलो. काही गाड्या परत गेल्या, पण कारखाना बंद पडला नाही. आधी वास गेला. मग एका सकाळी मायक्रोस्कोपखाली देठावर डुलणारे घंटेसारखे जीव दिसले. ते दिसले की वस्ती नांदतेय असं समजायचं. मी पोपटरावांना बोलावून दाखवलं. त्यांनी नकळत हात जोडले.

पदवी, पेपर, परदेशवाऱ्या, मला सगळं या गाळाने दिलं. त्याचे उपकार आहेतच. पण भाऊसाहेबांनी एका शब्दावर टँकर पाठवला, ते मी विसरणार नाही.

पुढच्या नवमीला मला आमंत्रण होतं. रेलिंगला झेंडूचं तोरण, आत पाणी तपकिरी आणि फेसाळ. भाऊसाहेब पेढे वाटत होते.

"औंदा वरूनच हळद-कुंकू," पोपटराव म्हणाले. "आत हात घातला नाय."

तेव्हापासून कुठलीही टाकी लख्ख दिसली, की मी आधी विचारते, आतले सगळे कुठे गेले?