आष्टीला रूळ संपायचे तेव्हाची गोष्ट

निवृत्तीनंतर मला एक खूळ लागलं: रूळ जिथे संपतात ती स्टेशनं पाहायची. बायको असती तर म्हणाली असती, "तिथे काय पुरून ठेवलंय?" आता अडवणारं कोणी नाही, म्हणून पिशवी उचलली आणि निघालो बीड जिल्ह्यातल्या आष्टीला. हल्ली गाडी तिथून पुढे बीडपर्यंत जाते. मी गेलो तेव्हा आष्टीच शेवट होता.

पुण्याहून पहाटेची एसटी, वाकडेवाडीहून. नगरला उतरून रिक्षाने स्टेशन. तिकीट इतकं स्वस्त की दोनदा विचारलं. पाणी आणि खाणं मात्र सोबत घ्या.

डबा जवळजवळ रिकामा. खिडकीपाशी बसलो आणि सवयीने शेजारची जागा पिशवी ठेवून धरली. कोणासाठी, ते मलाही ठाऊक नाही. बाहेर उघडी माळरानं, मधेच हिरवा तुकडा. कडा स्टेशनला दोघे-तिघे उतरले, मग डब्यात मी आणि पंख्यांचा आवाज.

आष्टी स्टेशन गावापासून लांब, नवंकोरं, शांत. पुढे जाऊन रुळाचं टोक पाहिलं. एक आडवा ठोकळा आणि पलीकडे मुरूम. एवढ्यासाठी आलो होतो! एकट्याने पाहिलेल्या गोष्टीचं कौतुक करायचं तरी कोणापाशी? फार उदास वाटलं.

फलाटावर एक तरुण बाई पिशवी घेऊन उभी होती, डोळे पुसत. शेजारी फेटा बांधलेले सासरे. फोनवर तिचा भाऊ होता, आवाज मलाही ऐकू येत होता. मालकाने ऐनवेळी ट्रॅक्टर घेऊन धाडलं, येता आलं नाही, तू एकटीच बस, दुपारी नगरला मी उभा राहतो.

"एकटी न्हाई," सासरे म्हणाले. "मुराळ्याबिगर सून धाडायची रीत न्हाई आमच्यात."

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला येणारा माणूस.

"मामा, उद्या आईच्या डोळ्याचं आपरेशन हाय," ती म्हणाली. "लई भेलीय ती. म्हनती, पट्टी बांधायच्या आदी एकदा तुला बघू दे."

"तर मग तुम्हीच सोडा की," मी न राहवून तोंड घातलं.

सासऱ्यांनी मला नीट न्याहाळलं. "पाव्हणं, सासरा सुनंला माहेरी नेऊन घालाया लागला, तर लोक काय म्हनतील? नांदवायची न्हाई म्हनून सोडून आले. पोरीच्याच नावाला बट्टा."

गाडीने भोंगा दिला. हीच गाडी परत नगरला जाणार होती. मला गाव पाहायचं होतं, एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी खायची होती. पण ती बाई गाडीकडे अशी बघत होती की माझ्याच्याने राहवेना.

"मी नेतो," म्हणालो. "मीच मुराळी समजा."

"कंच्या गावचे? बहीण हाय का?"

"पुण्याचा. बहीण नाही."

म्हाताऱ्याने सुनेच्या पिशवीत हात घातला. मग भावासाठी आणलेली टोपी त्याने माझ्या डोक्यावर ठेवली, हातात नारळ दिला. "संगीता, कुंकू लाव ह्यान्ला. मुळाला, सुनंला न्यायला आलेल्या मानसाला रिकामं धाडत न्हाईत." माझा नंबरही घेतला. गार्ड दारात उभा राहून हसत होता.

वाटेत तिने भावासाठी आणलेला जेवणाचा डबा उघडून पुढे केला. पुरणपोळी. "खा की दादा, तुमचीच हाय आता." मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, शेजारी ती बसली. कड्यापर्यंत आईबद्दल बोलत होती, मग झोपून गेली. नगरला भाऊ धावत आला. ती वाकून पाया पडली, "येते दादा," म्हणाली आणि दोघे गर्दीत दिसेनासे झाले. मी एसटी स्टँडवर आलो तेव्हा टोपी डोक्यावरच होती.

पुण्यात घराचं कुलूप काढतोय तोच फोन वाजला.

"पाव्हणं, संगीता पोचली. आई लई खूश हाय म्हने."

"छान झालं. भावाच्या हवाली केली मी."

"ते कळलं. त्यासाठी न्हाई केला फोन. तुमी पोचले का घरी?"

"पोचलो," एवढंच कसंबसं म्हणालो. दिवा न लावता तसाच खुर्चीत बसलो आणि खूप रडलो. बायको गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.