आमच्या टोलीच्या वाट्याचा गाळ

मालगुजारी काळातल्या आमच्या नहरीचा नकाशा आणि माहिती तयार करायला एका संस्थेने मला नेमले, ते वरच्या मोहल्ल्याला अजिबात पचले नाही. गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, मी पहिली पदवीधर. चंद्रपूरच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झाले, आणि हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. पहिल्याच सकाळी तलावाच्या पाळीवर मोबाइल धरून उभी होते, तर एकाने मोटारसायकल थांबवली.

"काऊन वो बाई, पाण्याचे फोटो काढून राह्यली? याच्यासाठी कॉलेज करा लागते का?"

"तुमाले जमलं नाई म्हणून मले करा लागते."

तो थुंकला आणि गेला. फोटोत ती थुंकी येऊ नये म्हणून मी दोन पावलं सरकले.

नहर तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी मोरीतून निघते आणि वरच्या मोहल्ल्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, भिजवत खाली येते. मोहाच्या झाडापाशी तिचा एक फाटा आमच्या टोलीकडे वळायचा. लहानपणी मी त्यात पाय सोडून बसलेली आहे. मग वरच्या मोहल्ल्यातल्या मोठ्या शेतकऱ्याने, ज्याला अख्खे गाव भाऊ म्हणते, फाट्यावर ट्रॅक्टर फिरवला. त्याची बांधी रुंद झाली, आमच्या बांध्या आभाळाच्या भरवशावर गेल्या.

आता नहरीची दुरुस्ती होणार होती, आणि ती माझ्या नकाशावरून. नकाशात नसलेला फाटा कोणी खोदणार नव्हते. पण संस्थेची अट होती की जमिनीवर जे दिसत नाही, ते दोन्ही मोहल्ल्यांनी कबूल केले तरच नकाशात येईल. म्हणून संस्थेच्या साहेबांसमोर शाळेत बैठक भरली.

"फाटा? कोनता फाटा? मी तं जन्मात पाह्यला नाई," भाऊ म्हणाला.

बाबा उठले. "मी सोता पाणी वळवलं हाये त्याच्यातून, भाऊ."

"बस रे तू. सपनात वळवलं असशीन."

लोक खदखदून हसले. बाबा त्याच्यापेक्षा वयाने मोठे आहेत. मला संताप आला, तरी मी खाली पाहून पुढचा प्रश्न विचारला. माहितीत तोही लागणारच होता. नहरीतला गाळ कोण काढायचे?

यावर भाऊ खुलला. जुन्या कारभाराचा त्याला मोठा अभिमान. "उन्हाळ्यात घरोघरचे लोक निंघत. दगड रोवून वाटे पाडले होते. ज्याची बांधी भिजे, तोच फावडा धरे. बिनपाण्याच्या मानसाले कोनी बोलवत नोहोते. असा नेम होता, साहेब."

"तुमचा वाटा कुठी होता?"

"तुडुमापासून पिंपळापर्यंत."

"अन् पिंपळापासून मोहापर्यंत?"

"तो तुमच्या टोलीचा. तुह्या आज्यानं टोपल्यानं चिखल वाह्यला तिथी, विचार तुह्या बापाले. अन् आता त्याची नात आमाले नकाशा दाखवते!"

पुन्हा हसू उठले, पण या वेळी ते मागच्या बाकांपर्यंत पोचले नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना आधीच कळले होते.

मी म्हटले, "भाऊ, बिनपाण्याच्या मानसाले गाळासाठी बोलवत नोहोते ना? मंग माह्या आज्याची बांधी कोन्या पाण्यानं भिजे?"

"ते... ते बेगारीचं काम होतं."

"बेगारीले वाटा पाडते का कोनी? दगड रोवते का? दगड तं अजून मोहाखाली हाये."

त्याच्याच बाजूचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "बस आता भाऊ. होता फाटा." साहेबांनी मान डोलावली. मी सगळ्यांसमोर निळी रेघ ओढली, जरा जास्तच दाबून.

दुसऱ्या दिवसापासून भाऊच्या चक्कीवरून आमच्या टोलीचे दळण परत यायला लागले. लाइट नाही म्हणे. वरच्या मोहल्ल्याचे पीठ त्याच लाइटीत पडत होते. मी डबा घेऊन शेजारच्या गावी जाते. रेघ मात्र खोडत नाही.

उन्हाळ्यात गाळ काढायचा दिवस आला. फाटा अजून खोदलेला नव्हता, तरी आमची अख्खी टोली फावडे-टोपल्या घेऊन पिंपळाखाली गेली. भाऊ पाळीवरून ओरडला, "पानी नाई अन् गाळ कायले काढून राह्यले?"

बाबांनी फावडे थांबवले नाही. "वाटा आमचा हाये रे," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बाबांनी त्याला भाऊ म्हटले नाही.