विसळलेला तांब्या

पौषातल्या त्या दिवसांत सकाळी गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा गोड, धुरकट गंध शाळेच्या खिडक्यांतून आत येई, बाकांवर कोवळं ऊन रेंगाळत राही आणि विज्ञानाचा तास केव्हा सरला ते माझं मलाच कळत नसे. नव्वदच्या दशकाअखेरची ही आठवण, मी पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची. त्या हिवाळ्यात घरोघर कावीळ होती. आठवीतल्या राजश्रीची धाकटी बहीण पिवळी पडून अंथरुणाला खिळली होती, आणि गावाचं म्हणणं एकच, आपल्या नळाचं पाणी काचेसारखं नितळ आहे, दोष पाण्याचा नाही.

पाठ्यपुस्तकात पाण्याचा धडा होताच, पण तो वाचून दाखवण्याचा मला मनस्वी कंटाळा आला होता. ज्या विज्ञानाला स्वतःच्या अंगणातल्या नळाकडे शंकेने पाहता येत नाही, ते घेऊन या पोरींनी करायचं काय? मी पाणी तपासायच्या निर्जंतुक बाटल्या आणल्या. आत औषधाची पट्टी होती. मैल्याचे जंतू असले की पाणी एक-दोन दिवसांत काळं पडे. मुलींनी नळाचं पाणी भरलं, आणि तुलनेसाठी एका बाटलीत राजश्रीने घरून उकळून, गार करून आणलेलं. बाटल्या फडक्यांत गुंडाळून उबेला ठेवल्या. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांची फडकी साऱ्या गावासमोर सोडायची आणि पंचायतीला पाण्याची टाकी धुवायला, फुटकी पाइपलाइन बदलायला लावायचं, असा आमचा जंगी बेत होता.

फडकी सोडली, आणि सगळ्याच बाटल्या काळ्या निघाल्या. उकळलेल्या पाण्याचीसुद्धा.

"अवो बाई, उकळल्यालं पाणीबी काळंच की!" सरपंच मांडीवर थाप मारून म्हणाले. "तुमची बाटलीच खोटी हाय, पाणी न्हाय!" सभा खो खो हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाकी तशीच राहणार, आणि या मुली पुन्हा म्हणून तोंड उघडणार नाहीत, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात राजश्री उठली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "पाणी मी तांब्यातनं आणलं. आमच्यात विसळल्याबिगर भांडं भरत न्हाईत. तांब्या नळाखाली विसळला व्हता मी. निस्तं विसळलं तर एवढं काळं झालंय, आनी आपण तर ते पितोय की!"

हसू जागच्या जागी विरलं. तिने तिथेच दोन बाटल्या मागितल्या. पाणी एकच, उकळून गार केलेलं. एका बाटलीत नळाखाली विसळलेल्या तांब्यातून ओतलेलं, दुसरीत उकळत्या पाण्याने धुतलेल्या तांब्यातून. दोन्ही बाटल्या पंचायतीच्या कपाटात बंद झाल्या आणि किल्ली तिने मोठ्या चतुराईने सरपंचांच्याच खिशात राहू दिली. दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा विसळलेल्या तांब्याची बाटली काजळासारखी होती, दुसरी स्वच्छ. मुलींनी जो जल्लोष केला, तो आठवला की आजही मला हसू फुटतं आणि छाती भरून येते.

टाकी उपसली गेली. तळाशी काय काय निघालं ते इथे लिहीत नाही, जेवायची वेळ असू शकते. गटारातून गेलेली पाइपलाइन बदलली. राजश्रीची बहीण हळूहळू उठून दारात उन्हाला बसू लागली. नव्या नळाला पाणी आलं त्या दिवशी नारळ फुटला, सगळं गाव जमलं आणि सरपंचांनी ओंजळ भरून जाहीर केलं, "आता पाणी एकदम चोख!"

"कशावरनं, काका?" राजश्रीने विचारलं.

सरपंचांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग स्वतःच बाजूला सरकून तिला नळापाशी जागा करून दिली. "भर की मग बाटली."

तिने बाटली भरली. ते पाणी उद्या कसं निघेल हे मला ठाऊक नव्हतं, सरपंचांना नव्हतं, तिलाही नव्हतं. आणि त्या उन्हात उभ्या असलेल्या आमच्यापैकी कुणालाच, ते आधीपासून ठाऊक असल्याचा आव आणावासा वाटत नव्हता.